पऱ्हाटीच्या बायोचारनं पाण्यातली प्रतिजैविकं काढण्याचा प्रयोग: कुठे फसतो आणि नीट कसा करायचा

दरवर्षी जानेवारीनंतर विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल माझ्याकडे वाचायला येतात. बायोचार म्हणजे शेतातला काडीकचरा, इथे पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेली झाडं), हवेशिवाय तापवून पाडलेला कोळसा. त्यावरच्या अहवालात शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: पाण्यातलं ९८ टक्के टेट्रासायक्लीन (एक प्रतिजैविक) निघून गेलं. मी एकच विचारतो, "कोळसा न घातलेल्या बाटलीत किती उरलं होतं?" बहुतेक वेळा तशी बाटली ठेवलेलीच नसते.

सगळी गोम इथे आहे. औषध पाण्यातून दिसेनासं झालं म्हणजे ते कोळशावर बसलं, असं धरून चालता येत नाही. ते उजेडानं मोडलं असेल, राखेच्या क्षारामुळे विघटित झालं असेल, गाळणीत अडकलं असेल. उलट कोळशातून सुटलेली घाण यंत्राला औषधासारखी दिसली, तर चांगला कोळसाही वाईट ठरतो. खालची सगळी मांडणी हे घोळ टाळण्यासाठी आहे. वाचक म्हणून माझ्यासमोर रसायनशास्त्र, पर्यावरण आणि कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक आहेत.

सावधान: हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. या पद्धतीनं घरचं पाणी पिण्यायोग्य होत नाही आणि तसा दावा अहवालात करू नये.

## टप्पा १: आधी औषध ठरवा

बरेच जण आधी कोळसा पाडून ठेवतात आणि मग औषध शोधतात. क्रम उलटा हवा. कोणतं औषध, ते मोजणार कशावर, किती तीव्रतेला, हे ठरल्यावरच बाकीचं ठरतं.

तुमच्याकडे फक्त यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) असेल, तर पहिल्या खेपेला टेट्रासायक्लीन घ्या. ते ३५७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. बायोचारमधून सुटणारे सेंद्रिय पदार्थ या तरंगलांबीला त्यामानानं कमी आडवे येतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचं शिखर २७० ते २८० च्या पट्ट्यात येतं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात कोळशाची घाणही भरपूर शोषते. एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताशी असेल तरच सिप्रोच्या वाटेला जा.

सल्फामेथॉक्साझोल घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. सामू (पीएच, पाणी आम्ल की क्षारी याचं माप) ७ च्या आसपास त्याच्या बहुतेक रेणूंवर ऋण भार असतो. बायोचारवरही त्या सामूला बऱ्याचदा ऋणच भार असतो. दोघं एकमेकांना ढकलतात आणि निष्कासन, म्हणजे पाण्यातून निघालेल्या औषधाचं प्रमाण, कमी येतं. ती तुमची चूक नसते. तो आकडा जसा आला तसा लिहा.

तीव्रता किती घ्यायची? नदीनाल्यांत ही औषधं लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम इतकीच असतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथं औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथं शुद्ध केलं जातं, तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. तो अपवाद होता, पण मिलिग्रॅमच्या पातळीवरचं खरं पाणी असू शकतं हे त्यातून कळलं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर टेट्रासायक्लीन लिटरमागे २ ते ४० मिलिग्रॅम या टापूत नीट मोजता येतं. तेवढ्यातच राहा आणि अहवालात स्पष्ट लिहा की नदीच्या पाण्यातल्या तीव्रतेपेक्षा ही कित्येक पटींनी जास्त आहे.

वजन करताना होणारी चूक: बाटलीवर 'टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराइड' लिहिलेलं असतं. त्याचा रेणुभार ४८०.९ आहे आणि नुसत्या टेट्रासायक्लीनचा ४४४.४. म्हणून १०० मिलिग्रॅम टेट्रासायक्लीन हवं असेल तर १०८.२ मिलिग्रॅम पावडर तोलावी लागते. ही दुरुस्ती विसरलात तर पहिल्या दिवसापासून तुमचे सगळे आकडे जवळपास ८ टक्क्यांनी चुकलेले राहतात.

मेडिकलमधून कॅप्सूल आणून फोडू नका. त्यात औषधाखेरीज भरणा असतो. तो गढूळपणा आणतो आणि कोळशावर जागाही अडवतो.

## टप्पा २: पऱ्हाटी तयार करणं

विदर्भ-मराठवाड्यात कापूस निघाल्यावर पऱ्हाटी बांधावर पडून असते किंवा पेटवली जाते. या कामाला ती चांगली: लाकडासारखी टणक, राख कमी, कोळसा भक्कम. तुराट्याही जवळपास तशाच. भाताच्या तुसाचं तसं नाही. त्यात सिलिका भरपूर असल्यामुळे कोळशातला मोठा हिस्सा राखच असतो. तूस वापरू नका असं मी म्हणणार नाही, भंडारा-गोंदियात तेच सहज मिळतं. पण पऱ्हाटीचे आकडे तुसाच्या कोळशाकडून अपेक्षू नका.

१. मुळाकडचा वीतभर भाग तोडून टाका. त्याला माती चिकटलेली असते. मातीतलं लोह आणि कॅल्शियम टेट्रासायक्लीनला धरून ठेवतं, मग कोळशाचं काम कोणतं आणि मातीचं कोणतं हे कळत नाही.

२. पानं, वाळकी बोंडं, सरकी काढून टाका. फवारण्यांचा अंश तिथे जास्त असतो.

३. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, नळाखाली चोळून धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या.

४. तीन-चार दिवस उन्हात, नंतर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा.

५. सगळा माल एकदम तयार करा. एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीतून साधारण पाव किलो किंवा थोडा जास्त कोळसा मिळतो, आणि वर्षभराच्या प्रयोगांना तो पुरतो. अर्ध्यात माल संपला आणि दुसऱ्या शेतातली पऱ्हाटी आणली, तर आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखावर घेता येत नाहीत.

तपासा: तुकडा वाकवला की 'कट्' आवाज होऊन मोडला पाहिजे. तो वाकून चिरत असेल तर आत ओल आहे. खात्रीसाठी तासाच्या अंतरानं दोनदा तोला, वजन सारखं आलं पाहिजे. ओला माल भट्टीत गेला तर वाफ झाकण उचलते, हवा आत शिरते आणि कोळशाऐवजी राख हाती येते.

## टप्पा ३: कोळसा पाडणं

मफल फर्नेस (विजेची बंदिस्त भट्टी) सगळीकडे असते, नायट्रोजनची सोय मात्र क्वचित. नायट्रोजन नसला तरी काम होतं, पण हवा बाहेर ठेवण्याचं काम मग तुमच्या हाताला करावं लागतं.

१. झाकणाची क्रुसिबल (उष्णता सोसणारी वाटी) काठोकाठ दाबून भरा. अर्धी रिकामी क्रुसिबल म्हणजे अर्धी हवेनं भरलेली क्रुसिबल.

२. ती मोठ्या क्रुसिबलमध्ये ठेवा, भोवतीच्या मोकळ्या जागेत साधा जुना कोळसा भरा आणि वर दुसरं झाकण ठेवा. आत शिरू पाहणारी हवा हा बाहेरचा कोळसा आधी खातो.

३. तापमान मिनिटाला १० अंश या वेगानं ६०० अंशांपर्यंत चढवा. तिथे दोन तास राहू द्या.

४. भट्टी बंद करा आणि रात्रभर तशीच सोडा. दार उघडू नका.

६०० अंशच का? ३०० ते ४०० अंशांवर कोळसा जास्त निघतो, पण त्यात डांबरी अंश राहतो आणि छिद्रं नीट उघडत नाहीत. तापमान वाढवलं की कोळसा कमी निघतो, मात्र पृष्ठभाग वाढतो आणि कार्बनचे सपाट थर तयार होतात. टेट्रासायक्लीनच्या रेणूत एकाला एक जोडलेली चार वलयं असतात. ती या थरांवर चपखल टेकतात. तुलना करायची असेल तर ४००, ५०० आणि ६०० असे तीन कोळसे पाडा, पण हातखंडा आधी एकाच तापमानावर बसवा.

सावधान: क्रुसिबल अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून भट्टीत ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली आहे. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ७०० अंशांचा प्रयोग असेल तर फॉइल भट्टीच्या तळावर सांडलेलं मिळेल.

सावधान: कोळसा पडताना कार्बन मोनॉक्साइड आणि धूर निघतो. भट्टीवर एक्झॉस्ट हवाच. आणि शंभर अंशांच्या वर झाकण उघडलंत तर तयार कोळसा हवेत धुमसू लागतो. सकाळपर्यंत कळ काढा.

तपासा: वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनाच्या पंचवीस ते तीसेक टक्के कोळसा हाती यायला हवा. त्याहून बराच कमी आला आणि वरच्या थरावर करडी-पांढरी साय दिसली, तर हवा लागली आहे. तो घाणा बाजूला ठेवा. चांगल्या मालात मिसळून वजन भरून काढू नका.

शेतावर दोनशे लिटरच्या पिंपात पाडलेला कोळसा मोठ्या चाचण्यांना चालतो. मात्र पिंपात वरखाली तापमान वेगळं असतं, त्यामुळे एकेक आकडा ताडून पाहण्याच्या प्रयोगाला तो घेऊ नये.

## टप्पा ४: दळा, चाळा, मग धुवा

क्रम हाच ठेवा. धुऊन मग दळलं तर दळताना नवे पृष्ठभाग उघडतात आणि आतली राख पुन्हा बाहेर येते. सगळं धुणं वाया जातं.

खलबत्त्यात कुटून ६० नंबरच्या चाळणीतून पडेल आणि १०० नंबरवर राहील असा भाग घ्या. म्हणजे कण साधारण १५० ते २५० मायक्रॉनचे. अगदी बारीक पीठ घेतलं तर निष्कासन छान दिसतं, पण ते पीठ गाळणीतूनही निसटतं आणि प्रकाश विखरून मोजमाप बिघडवतं.

आता धुणं. हे काम कंटाळवाणं असतं म्हणून सगळे घाई करतात. एक ग्रॅम कोळशाला वीसेक मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घाला, तासभर ढवळा, निवळू द्या, वरचं पाणी ओता, पुन्हा नवं पाणी घाला. ४०० अंशांच्या कोळशाचं पहिलं पाणी फिक्या चहासारखं दिसतं. ६०० अंशांच्या कोळशाचं पाणी नितळ दिसतं, पण सामूचा मीटर बुडवला की काटा ९-१० च्या पुढे गेलेला आढळतो. ती राखेतली पोटॅश आणि चुना. दिसायला पाणी स्वच्छ आहे म्हणून इथेच थांबणारे पुढे फसतात.

तपासा, आणि तिन्ही तपासा: लागोपाठच्या दोन धुण्यांत सामू सारखा आला पाहिजे, विद्युत वाहकता सारखी आली पाहिजे, आणि गाळलेल्या पाण्याचं ३५७ नॅनोमीटरला वाचन ०.०१ च्या खाली आलं पाहिजे. पाच-सहा धुण्यांत जमतं, कधी दहा लागतात.

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लानं धुतलं तर राख लवकर निघते. पण कोळशाचा स्वभावही बदलतो, कारण राखेतले धातू टेट्रासायक्लीनला धरण्यात हातभार लावत असतात. आम्लानं धुतलात तर तसं लिहा, आणि न धुतलेल्याशी त्याची तुलना 'एकच कोळसा' म्हणून करू नका.

धुतलेला कोळसा १०५ अंशांवर रात्रभर वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (ओल शिरू न देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. पावसाळ्यात उघड्या वॉचग्लासवर ठेवलेला कोळसा तोलतानाच हवेतली ओल ओढतो आणि तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत सरकत राहतो. झटपट तोला.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं सक्रिय करायचा विचार असेल तर पहिल्या खेपेला टाळा. उष्णतेत ते पोर्सेलीन क्रुसिबल खातं, आणि शेवटचं धुणं कच्चं राहिलं तर मागे उरलेला क्षार टेट्रासायक्लीन मोडतो. मग सक्रिय कोळशाचा 'उत्कृष्ट' निकाल हाती येतो तो त्या क्षाराचा असतो.

## टप्पा ५: पाच बाटल्या

हा टप्पा वगळून पुढे जाऊ नका. दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि पुढचे सगळे आकडे यावर उभे राहतात.

आमच्याकडे एका मुलीनं मार्चमध्ये प्रयोग लावला होता. सगळ्या बाटल्या पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावर. सकाळी फिकट पिवळं असलेलं द्रावण संध्याकाळी तांबूस झालं होतं, आणि तेही कोळसा न घातलेल्या बाटलीतलं. ती बाटली तिनं चुकून जास्तीची भरून ठेवली होती. त्या एका जास्तीच्या बाटलीनं तिचे दोन महिने वाचवले. टेट्रासायक्लीन उजेडात मोडतं, क्षारयुक्त पाण्यात तर लवकरच मोडतं. सिप्रोफ्लॉक्सासिनही उजेडाला टिकत नाही.

म्हणून पाच बाटल्या लावा:

पहिली: पाणी आणि कोळसा, औषध नाही. कोळशातून काय सुटतं हे इथे दिसतं. तिचं वाचन चौथीच्या वाचनातून वजा करायचं.

दुसरी: पाणी आणि औषध, कोळसा नाही, वरून झाकलेली. चोवीस तासांत औषध आपोआप किती कमी होतं ते कळतं.

तिसरी: दुसरीसारखीच, पण एकदा न गाळता आणि एकदा गाळून मोजायची. दोन वाचनांतला फरक म्हणजे गाळणीनं खाल्लेलं औषध.

चौथी: पाणी, औषध आणि कोळसा. हीच खरी चाचणी.

पाचवी: पाणी आणि औषध, कोळसा नाही, पण सामू मुद्दाम चौथीच्या शेवटच्या सामूइतका केलेला. ही बाटली जवळपास कुणीच लावत नाही. कोळसा घातल्यावर पाण्याचा सामू ६ वरून ९ ला गेला असेल आणि पाचव्या बाटलीतलं औषधही घटलं असेल, तर चौथीतली घट सगळी कोळशाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

चौथी आणि पाचवी एकाच दिवशी लागत नाहीत, कारण चौथीचा शेवटचा सामू आधी कळावा लागतो. चौथी आदल्या दिवशी लावा.

गाळणीबद्दल: नायलॉनच्या गाळणीवर काही औषधं चांगलीच चिकटतात. गाळणी कोणतीही असो, तिसऱ्या बाटलीनं तिला पारखा, आणि गाळताना पहिले तीन ते पाच मिलिलिटर फेकून नंतरचं पाणी मोजायला घ्या. सेंट्रिफ्यूज असेल तर तोच वापरा.

सावधान: अंधारासाठी बाटलीला बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल लावायला हरकत नाही. फॉइलचं झाकण करून तेच द्रावणाला लागू देऊ नका. टेट्रासायक्लीन अॅल्युमिनियमला पकडतं.

तपासा: दुसऱ्या बाटलीत चोवीस तासांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी औषध उरलं असेल तर पुढे जाऊ नका. आधी उजेड, तापमान आणि सामू यांचा बंदोबस्त करा.

## टप्पा ६: प्रत्यक्ष चाचणी

१. प्रमाण आलेख (माहीत असलेल्या तीव्रता आणि त्यांची यंत्रावरची वाचनं) काढा: लिटरमागे २, ५, १०, २०, ३० आणि ४० मिलिग्रॅम. ज्या सामूला चाचणी करणार त्याच सामूला आलेखही काढा, कारण सामू बदलला की टेट्रासायक्लीनचं शिखर सरकतं. साठ्याचं द्रावण त्याच दिवशी बनवा. आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या द्रावणावर विसंबू नका.

२. झाकणाच्या शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये २० मिग्रॅ/लि. तीव्रतेचं ५० मिलिलिटर द्रावण घ्या. ०.१ मोलर आम्ल किंवा क्षारानं सामू ६ करा. फॉस्फेट बफर टाळा, ते कोळशावरच्या जागांसाठी औषधाशी स्पर्धा करतं.

३. ५० मिलिग्रॅम कोळसा घाला, म्हणजे लिटरला एक ग्रॅम.

४. शेकर मिनिटाला १५० फेऱ्यांवर, तापमान २५ अंश. नागपूर-अकोल्याकडे एप्रिलमध्ये खोलीचं तापमान चाळिशीला टेकतं. अशा वेळी 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं वाक्य निरर्थक आहे. इन्क्युबेटर शेकर नसेल तर हा भाग हिवाळ्यात उरका आणि थर्मामीटरचं वाचन लिहा.

५. वेळा: ५, १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८० मिनिटं आणि २४ तास. प्रत्येक वेळेसाठी वेगळा फ्लास्क. एकाच फ्लास्कमधून पुन्हा पुन्हा नमुना काढला की पाणी घटतं, कोळशाचं प्रमाण वाढतं आणि हिशेब ढासळतो.

६. प्रत्येक फ्लास्क तीन प्रतींत. शेवटी सामू पुन्हा मोजा आणि लिहून ठेवा. सुरुवातीचा सामू लिहून शेवटचा न लिहिणं ही या विषयातली सर्वांत जास्त पाहिलेली चूक आहे.

हिशेब सोपा आहे. सुरुवातीची तीव्रता वजा शेवटची तीव्रता, भागिले लिटरमधला कोळसा ग्रॅममध्ये. वीसाचे चार झाले आणि कोळसा लिटरला एक ग्रॅम होता, तर ग्रॅममागे १६ मिलिग्रॅम औषध बसलं. निष्कासन ८० टक्के.

आता टक्केवारीच्या मोहाबद्दल. लिटरला पाच ग्रॅम कोळसा घातला, वीसाचे ०.४ झाले: निष्कासन ९८ टक्के, पण ग्रॅममागे जेमतेम ३.९ मिलिग्रॅम. लिटरला अर्धा ग्रॅम घातला, वीसाचे ८ झाले: निष्कासन ६० टक्के, ग्रॅममागे २४ मिलिग्रॅम. हे दोन्ही निकाल एकाच कोळशाचे असू शकतात. त्यामुळे नुसत्या टक्क्यांवरून दोन कोळशांची तुलना होत नाही, आणि नुसत्या ग्रॅममागच्या आकड्यावरूनही होत नाही. शेवटची तीव्रता सारखी असताना काय बसलं ते पाहावं लागतं. कोळसा मुबलक घालून सगळ्याच फ्लास्कमध्ये औषध शून्यावर आणलंत तर शिकायला काहीच उरत नाही. तीसेक ते ऐंशी टक्के निष्कासन येईल असा डोस निवडा.

## टप्पा ७: आलेख जुळवताना

आधी वेळेचा प्रयोग, मग तीव्रतेचा. समतोल यायला, म्हणजे पाण्यातली तीव्रता घटायची थांबायला, किती तास लागतात हे कळल्याशिवाय लँगम्यूर आणि फ्रॉइंडलिचच्या चाचण्या (कोणत्या तीव्रतेला कोळशावर किती औषध बसतं हे सांगणारी दोन सूत्रं) लावू नका. दोन तासांत समतोल आला असं गृहीत धरून निम्म्यावर थांबलेले प्रयोग मी बरेच पाहिले.

छद्म-द्वितीय कोटीची (औषध किती वेगानं बसतं याचं एक सूत्र) सरळ रेषा ०.९९ नं जुळली म्हणून लगेच 'रासायनिक अधिशोषण झालं', म्हणजे औषध कोळशाशी रासायनिक बंधानं जोडलं गेलं, असं लिहू नये. त्या आलेखात दोन्ही अक्षांवर वेळ येतो, म्हणून रेषा जवळपास नेहमीच सुंदर येते. वक्र थेट जुळवा, आणि यंत्रणा सांगायची असेल तर त्यासाठी वेगळा पुरावा द्या: वेगवेगळ्या सामूंना चाचणी, मीठ घालून चाचणी, आधी-नंतरचा एफटीआयआर (कोळशावरचे रासायनिक बंध दाखवणारी चाचणी).

लँगम्यूरनं दिलेली कमाल क्षमता ग्रॅममागे ९० मिलिग्रॅम आणि तुमचा सर्वांत मोठा मोजलेला बिंदू ३५, असं असेल तर ते ९० तुम्ही मोजलेले नाहीत. तीव्रता वाढवून आणखी बिंदू घ्या. ४० च्या वरचे नमुने मोजण्याआधी पातळ करायला विसरू नका.

## टप्पा ८: खऱ्या पाण्यावर

डिस्टिल्ड पाण्यात जमलं की लगेच गोठ्याच्या सांडपाण्यावर उडी मारली जाते. मध्ये एक पायरी घ्या: विहिरीचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी बरेचदा जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. टेट्रासायक्लीन या दोघांना पकडून ठेवतं आणि मग कोळशाशी त्याचं वागणं बदलतं. विहिरीच्या पाण्याची कठीणता मोजा, त्यात औषध घाला आणि पाचही बाटल्या पुन्हा लावा.

गोठ्याचं पाणी म्हणजे शेण, मूत्र, चारा. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ औषधाच्या शेकडो पट असतात आणि कोळशावरच्या जागा तेच आधी भरून टाकतात. आधी निवळू द्या, मग वाळूतून गाळा, मगच कोळसा. स्पेक्ट्रोफोटोमीटर इथे निरुपयोगी आहे, कारण पाण्याचा स्वतःचा पिवळा-तपकिरी रंगच औषध झाकून टाकतो. एचपीएलसी किंवा त्याहून सूक्ष्म यंत्र मिळत नसेल तर ही पायरी करू नका. ती न केल्यानं तुमचा अहवाल कमी ठरत नाही.

स्तंभ, म्हणजे कोळसा भरलेली नळी ज्यातून पाणी सतत सोडायचं, लावायचा असेल तर कोळसा जाड हवा, अर्धा ते एक मिलिमीटर. बारीक भुकटी भरली की तासाभरात पाणी अडतं. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नळीत २० सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण ९८ मिलिलिटर. मिनिटाला ५ मिलिलिटर पाणी सोडलं तर संपर्ककाळ सुमारे २० मिनिटं येतो, सुरुवातीला हे प्रमाण बरं. भरण्याआधी कोळसा रात्रभर पाण्यात भिजवा आणि पाणी खालून वर चढवा. कोरडा कोळसा भरला तर हवेचे बुडबुडे अडकतात, पाणी कडेकडेनं वाट काढतं आणि अर्ध्या कोळशाला ते शिवतही नाही.

तपासा: स्तंभातून रंगीत पाणी, शाईचे दोन थेंब पुरतात, सोडून पाहा. रंगाची पातळी सरळ आडवी चढली पाहिजे. एका बाजूनं जीभ पुढे सरकली तर स्तंभ रिकामा करून पुन्हा भरा. आणि शाई गेलेला कोळसा चाचणीला घेऊ नका.

## टप्पा ९: वापरलेल्या कोळशाचं काय

बायोचार जमिनीला चांगला असतो, म्हणून प्रयोग संपल्यावर तो बागेत टाकला जातो. हे करू नका. त्या कोळशावर प्रतिजैविक बसलेलं आहे. मातीत ते हळूहळू सुटतं, तिथल्या जिवाणूंना थोडं थोडं लागत राहतं आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तगायला तशीच परिस्थिती लागते. पाण्यातून काढलेली गोष्ट आपल्याच हातानं मातीत पेरण्यासारखं आहे हे.

पुन्हा वापरायचा असेल तर झाकणबंद क्रुसिबलमध्ये ५०० अंशांवर तासभर तापवा, वजनातली घट लिहा, धुवा आणि टप्पा ५ पासून पुन्हा तपासा. मिथेनॉल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडनं धुऊन कोळसा मोकळा करणारेही आहेत, पण तेव्हा औषध त्या धुण्यात येतं आणि तुमच्याकडे टाकायला आणखी एक द्रव तयार होतो. त्याची सोय आधी करा, मगच धुवा.

जे टाकायचंच आहे, म्हणजे कोळसा, गाळण्या आणि औषधाचं उरलेलं द्रावण, ते सिंकमध्ये किंवा साध्या कचऱ्यात जाता कामा नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत टाकून दिलेली औषधं, प्रतिजैविकांसह, पिवळ्या वर्गात येतात. संस्थेची घातक कचऱ्याची व्यवस्था असेल तर तिथल्या जबाबदार व्यक्तीला प्रयोग सुरू होण्याआधीच विचारा. तोवर सगळं झाकणाच्या बरणीत साठवा आणि बरणीवर औषधाचं नाव, अंदाजे प्रमाण, तारीख आणि तुमचं नाव पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई मिथेनॉलच्या एका थेंबानं पुसली जाते.